सावलीत गाडी, उन्हात प्लेट

शंकेखोर: तुझी यादी वाचली. गाडीमागे ओढायचा दोन माणसांचा ट्रेलर, टपावर १०० वॅटच्या दोन सोलर प्लेटा, आत १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, पंखा, दोन दिवे, लहानसा फ्रिज. इथपर्यंत ठीक आहे, हौसेला मोल नसतं. पण पुढच्या दोन ओळींवर माझं बोट अडलं: एमपीपीटी चार्ज कंट्रोलर आणि शंटवाला बॅटरी मॉनिटर. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर हजाराच्या आत मिळतो, मग त्याच्या दसपट पैसे काहून घालायचे? आणि मॉनिटर तर वीज करतही नाही, साठवतही नाही; नुसता आकडा दाखवतो. तेवढ्या पैशात आणखी एक प्लेट येईल. जिथं ऊन मोजूनमापून मिळतं तिथल्या माणसानं त्याचा थेंबन् थेंब टिपावा. अमरावती-अकोल्याच्या माणसाला उन्हाचं दुर्भिक्ष कधी पडलं?

हौशी: काका, ऊन भरपूर आहे, टप लहान आहे. गच्चीवर एक प्लेट कमी पडली तर शेजारी दुसरी लावता येते; ट्रेलरवर तिसरीला जागाच नाही. म्हणून आहे त्या दोन प्लेटांतून किती निघतं, याला महत्त्व. १०० वॅटची ३६ सेलची प्लेट जोरात असते तेव्हा साधारण १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देते. पीडब्ल्यूएम म्हणजे भराभर उघडमीट करणारा स्विच. तो प्लेट थेट बॅटरीला जोडतो, त्यामुळे बॅटरी १३ व्होल्टवर असेल तर प्लेटही १३ वर खाली येते. अँपिअर साडेपाचच राहतात. गुणाकार करा, ७२ वॅट येतात. एमपीपीटी प्लेटला तिच्या १८ व्होल्टवर राहू देतो आणि जास्तीचे व्होल्ट उतरवून त्यांचे अँपिअर करून बॅटरीला देतो. स्वतः पाचेक टक्के खातो, तरी ९५ वॅट हाती येतात. दोन प्लेटांत हा फरक ४५ वॅटचा झाला, म्हणजे माझा पंखा आणि दिवे दोन्ही.

शंकेखोर: हे गणित २५ अंशांचं आहे. प्लेटच्या पाठीमागच्या स्टिकरवर जे व्होल्ट छापलेत ते सेल २५ अंशांवर असतानाचे. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी हवाच ४४-४५ असते, आणि भर उन्हातली प्लेट हवेपेक्षा २५-३० अंशांनी जास्त तापते. टपाला चिकटवून बसवली, खालून वारा नाही, तर आणखी. म्हणजे सेल ७० वर. सेल तापला की त्याचे व्होल्ट उतरतात, अंशामागे साधारण ०.४ टक्के. ४५ अंशांच्या फरकाचे १८ टक्के झाले. तुझे १८ व्होल्ट पावणेपंधरावर आले. आता पुन्हा गुणाकार कर. पीडब्ल्यूएम साडेपाचाला भरत आलेल्या बॅटरीच्या साडेतेराने गुणतो, ७४ वॅट. एमपीपीटीच्या वाट्याला पावणेपंधरा व्होल्टचे ८१ वॅट येतात आणि त्यातून तो आपला पाच टक्के हप्ता कापतो, म्हणजे ७७. तीन वॅटसाठी दसपट पैसे! थंड मुलखात जो डबा पंचवीस टक्के मिळवून देतो, तो आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात, म्हणजे त्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच, पाणी पाणी होतो. त्याच्या डब्यावर लिहिलेले टक्के खोटे नाहीत, पण ते वऱ्हाडातले नाहीत.

हौशी: एकेका प्लेटेपुरतं तुमचं खरं आहे, आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. पण त्याच हिशेबात पुढं जाऊ. लिथियम बॅटरी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, पूर्ण भरायला १४.२ ते १४.४ व्होल्ट लागतात. तापलेली प्लेट पावणेपंधरा देते, त्यातून तारेत अर्धा-पाऊण व्होल्ट जातो, उरतात जेमतेम चौदा. म्हणजे पीडब्ल्यूएमवर भर दुपारी बॅटरी शेवटपर्यंत भरणारच नाही. एमपीपीटीलाही एका प्लेटेवर हे जमणार नाही, कारण तो व्होल्ट उतरवतो, चढवत नाही. मी दोन प्लेटा सिरीजमध्ये जोडणार आहे. दोघींचे मिळून तापलेल्या अवस्थेतही २९ व्होल्ट. तिथं पीडब्ल्यूएम लावला तर अर्ध्याहून जास्त वीज वाया.

शंकेखोर: सिरीजमध्ये कशाला? दोन्ही पॅरलल जोड, अँपिअर दुप्पट होतील. एका प्लेटेवर झाडाची सावली आली तर दुसरी तरी चालेल. आणि सावली येणारच, बाप्पा. मी तुला दुसरीच गोष्ट विचारतो: मे महिन्यात तू ट्रेलर उभा करशील कुठं? शहानूरला, नरनाळ्याच्या पायथ्याशी जा, नाहीतर परतवाड्याकडे कुणाच्या शेतावर. डोळे मिटून तू कडुनिंब नाहीतर आंब्याखाली गाडी लावशील. पत्र्याच्या डब्यात दुपारी कोण बसेल? म्हणजे माणसाला सावली हवी आणि प्लेटेला ऊन, आणि दोघं एकाच टपावर. हे कोडं परदेशी पुस्तकात सुटलेलं नाही, कारण तिथं लोक उन्हासाठी ट्रेलर घेऊन निघतात. आपण उन्हापासून पळायला निघतो.

हौशी: ह्याच कोड्यातून मी सिरीजवर आलो. प्लेटा टपावर कायमच्या ठोकायच्याच नाहीत. बिजागरीनं जोडलेल्या, सुटकेससारख्या मिटणाऱ्या करायच्या, गाडी झाडाखाली लावायची आणि प्लेटा दहा मीटरवर उन्हात मांडायच्या. खालून वारा खेळतो, त्यामुळे दोन-चार अंश थंडही राहतात. आता दहा मीटर जाणं आणि दहा मीटर येणं, २० मीटर तार. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार धरली तर तिचा रोध साधारण ०.१५ ओहम. पॅरललमध्ये तिच्यातून ११ अँपिअर जाणार, म्हणजे १.६ व्होल्ट तारेतच. पावणेपंधरातून ते गेले की उरले तेरा, बॅटरी भरणं संपलं. सिरीजमध्ये साडेपाच अँपिअर, ०.८ व्होल्ट, तेही २९ मधून. वॅटमध्ये बघा: पॅरललला १८ वॅट तारेत जळतात, सिरीजला साडेचार. म्हणजे एमपीपीटी मला जास्तीचे टक्के देतो म्हणून मी तो घेत नाही; तो मला तार लांब करायची मुभा देतो म्हणून घेतो. सावलीत गाडी आणि उन्हात प्लेट, हे साध्या कंट्रोलरवर करायचं तर करंगळीएवढी जाड तार न्यावी लागेल, आणि ती कंट्रोलरपेक्षा महाग पडेल.

(इथं लेखकाला मध्ये बोलू द्या. या वादात आजवर ऐकलेल्या बहुतेक बाजू कार्यक्षमतेच्या टक्केवारीवर लढल्या गेल्या आहेत. झाडाची सावली त्यात कोणी आणली नव्हती. वऱ्हाडात ती आधी आणायला हवी.)

शंकेखोर: तार लांब करण्यासाठी एमपीपीटी, हे मला पटलं. चारचौघांत सांगणार नाही. पण मग निदान खरा तरी घे. बाजारात निळ्या रंगाचे डबे मिळतात, त्यावर ठसठशीत अक्षरात एमपीपीटी छापलेलं असतं आणि आत उघडून बघ, तोच स्विच. हातात घेतला तरी कळतं. खऱ्या एमपीपीटीत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि पाठीला ॲल्युमिनियमचा खवलेदार पत्रा असतो, त्याला वजन येतं. खोटा हातात पापडासारखा हलका. आणि खात्री करायची असेल तर मल्टिमीटर आण. दुपारी बारा वाजता, बॅटरी अर्धी रिकामी असताना, कंट्रोलरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर मोज, मग प्लेटच्या टर्मिनलवर मोज. बॅटरीवर १३.३ आणि प्लेटवर १३.६ दिसले तर समज, तुला फसवलंय. प्लेटवर २९-३० आणि बॅटरीवर १३.३ दिसले, तर पैसे वसूल. ही तपासणी मांडीवर डबा घेऊन दोन मिनिटांत होते. दुकानदाराच्या नजरेसमोर केली तर आणखी बरं.

हौशी: मी करीन. आणि जोडतानाचा क्रमही तुमच्याकडूनच शिकलोय: आधी बॅटरी, मग प्लेट, सोडताना आधी प्लेट, मग बॅटरी. बहुतेक कंट्रोलर बॅटरीचे व्होल्ट बघून ती किती व्होल्टची आहे ते ओळखून घेतात. बॅटरी नसताना प्लेट लावली की ते गोंधळतात, काही जळतात.

शंकेखोर: जळायचा दुसरा रस्ताही सांगतो. तुझ्या लिथियम बॅटरीच्या पोटात बीएमएस नावाचा पहारेकरी आहे. सेल फार तापले, की तो दार बंद करतो. बंद ट्रेलर मे महिन्यात उन्हात राहिला तर आत ६० अंश सहज होतात. आता दुपारी ऊन कडक, प्लेट जोरात, आणि बीएमएसनं बॅटरी अचानक तोडली. साधा कंट्रोलर असेल तर प्लेटचे उघडे २०-२१ व्होल्ट थेट पंख्यावर आणि दिव्यांवर जाऊ शकतात. १२ व्होल्टचे दिवे आहेत ते, किती वेळ टिकतील? शिशाच्या बॅटरीत हा प्रकार नव्हता. ती बिचारी फुगली, उकळली, पण तिनं कधी दार बंद केलं नाही. वऱ्हाडानं लोडशेडिंगची वर्षं ट्यूबलर बॅटरीवर काढली. तिला महिना-दोन महिन्यांनी डिस्टिल वॉटर पाजायचं, हायड्रोमीटरनं एकेका सेलचं आम्ल ओढून बघायचं. काचेच्या नळीत तरंगणारं ते भिंग वर आलं की सेल भरलेला, बुडालं की उपाशी. सहा सेल, सहा खरे आकडे. त्यात कुठलाही अंदाज नाही. तुझा दोन-चार हजारांचा मॉनिटर तेवढं खरं सांगेल का?

हौशी: नाही सांगणार. पण १५० अँपिअर-अवरची ट्यूबलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढं, आणि तिच्यातलं आम्ल घटांगच्या घाटातल्या वळणांवर कुठं जाईल ते तुम्हीच बघा. माझी लिथियम १०० ची, बारा किलोच्या आसपास. शिवाय शिशाच्या बॅटरीतून निम्मंच काढायचं असतं, हिच्यातून ८०-९० टक्के काढता येतं. आणि उष्णता म्हणाल तर शिशाची बॅटरी दार बंद करत नाही, आयुष्य देऊन बसते. दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं असं बॅटरीवाले धरून चालतात. आपल्या घराघरांतल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ज्या लवकर बसल्या त्या पाण्यावाचून जितक्या, तितक्याच जिन्याखालच्या उकाड्यानं. तिथंसुद्धा कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर असता तर फरक पडला असता. ४५ अंशांत शिशाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला १४.४ पेक्षा अर्धा व्होल्ट कमी द्यायचा असतो. स्वस्त कंट्रोलर तेवढेच देत राहतो आणि पाणी उडवतो.

शंकेखोर: सेन्सरवर वाद नाही. मॉनिटरवर ये.

हौशी: येतो. शिशाच्या बॅटरीचे व्होल्ट बघून काहीतरी अंदाज येतो. काही तास स्वस्थ ठेवली की १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. लिथियममध्ये हा रस्ता बंद. ८० टक्क्यांवर १३.३ आणि ४० टक्क्यांवर १३.१-१३.२, मधल्या सगळ्या प्रदेशात व्होल्ट जवळजवळ सपाट, आणि शेवटी एकदम कड्यावरून उडी. पंखा चालू केला की तेवढा फरक असाही पडतो. म्हणजे व्होल्टमीटर बघून लिथियमचं पोट कळत नाही. मग उरतो एकच मार्ग, दुकानदार गल्ल्याचा ठेवतो तसा हिशेब: गल्ला न उघडता आत किती गेले, बाहेर किती आले, एवढंच लिहायचं. शंट म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हवर बसवलेला ठरावीक रोधाचा धातूचा तुकडा. ५०० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट, असं काहीतरी त्यावर कोरलेलं असतं. त्याच्यावरचे सूक्ष्म व्होल्ट मोजून मॉनिटर अँपिअर काढतो आणि वेळेनं गुणत जातो.

शंकेखोर: आणि गल्ल्यातून कोणी नोंद न करता दहा रुपये उचलले तर? ट्रेलरच्या वायरिंगमध्ये हे हमखास होतं. ट्रेलरची चेसिस लोखंडाची. वायरमन काय करतो, दिव्याची निगेटिव्ह जवळच्या बोल्टला कसतो, जीपमध्ये असतं तसंच. चेसिसवरून दुसरी तार बॅटरीच्या निगेटिव्हला थेट. झालं. दिव्याचा करंट शंटला वळसा घालून घरी गेला, आणि मॉनिटर म्हणतो १०० टक्के. मी असा ट्रेलर पाहिलाय. फ्रिज बंद पडला तेव्हा पडद्यावर ९६ होते. माणूस मॉनिटरला शिव्या देत होता. म्हणून म्हणतो, मॉनिटर लावायचा तर बॅटरीच्या निगेटिव्हवर एकच लग असली पाहिजे, शंटची. बाकी सगळं शंटच्या पलीकडच्या बाजूला, कंट्रोलरची निगेटिव्हसुद्धा. एक जरी तार इकडे आली की हिशेब खोटा. आणि खोटा हिशेब हिशेब नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्यावर झोपतो.

हौशी: मान्य. आणखी एक दोष मीच सांगतो. हा हिशेब हळूहळू सरकतो. थोडी चूक रोज साठते, आणि बॅटरी पूर्ण भरली की मॉनिटर स्वतःला पुन्हा १०० वर आणतो. भरलीच नाही तर चूक साठतच राहते.

शंकेखोर: आणि वऱ्हाडातला माणूस चिखलदऱ्याला जातो कधी? पावसाळ्यात. १,१०० मीटरवर ढग रस्त्यावर उतरलेले, देवी पॉइंटला समोरचा माणूस दिसत नाही, तेव्हा सगळी अमरावती तिथं भजी खायला. त्या धुक्यात तुझ्या दोनशे वॅटच्या प्लेटा वीस-तीस वॅट देतील. बॅटरी आठवडाभर भरणार नाही, मॉनिटर सरकत जाणार. म्हणजे उन्हाळ्यात ऊन इतकं की मोजायची गरज नाही, आणि पावसाळ्यात मोजलेलं खरं नाही. मग तो उपयोगाचा केव्हा? शिवाय अमरावतीहून परतवाडामार्गे घाट चढेपर्यंत तुझी गाडी दोन तास चालते. गाडीच्या आल्टरनेटरवरून डीसी-टू-डीसी चार्जर लावलास तर त्या दोन तासांत ४०-५० अँपिअर-अवर आत जातील, धुकं असो नाहीतर नसो. पावसाळी सहलीला सोलरची गरजच काय?

हौशी: एका रात्रीसाठी नाही. तिसऱ्या रात्री आहे. पण मला तुमचा दुसरा प्रश्न जास्त टोचला, मॉनिटर केव्हा उपयोगाचा. मी सांगतो. ५०० वॅटचा साधा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्याला काही जोडलं नाही, तरी तो अर्धा ते एक अँपिअर खातो. २४ तासांत १२ ते २४ अँपिअर-अवर, म्हणजे माझ्या बॅटरीचा अष्टमांश ते चतुर्थांश, कोणाच्या मोबाइलचं चार्जिंगसुद्धा न करता. व्होल्टमीटर हे कधीच सांगणार नाही. बॅटरीतल्या बीएमएसचं ब्लूटूथ ॲपही बहुतेक वेळा नाही, कारण लहान करंट त्यातल्या अनेकांना दिसतच नाहीत. शंट सांगेल.

शंकेखोर: एकदा सांगेल. क्लॅम्प मीटरही एकदा सांगेल, आणि तो माझ्या पेटीत आहे. इन्व्हर्टर फुकट एक अँपिअर खातो, हे एकदा कळलं की त्याचा स्विच बंद करायची सवय लागते. मग तो आकडा रोज भिंतीवर कशाला टांगायचा? मेळघाटात ज्या वाड्यांवर तारा पोचल्या नाहीत तिथं सौर दिव्यांवर संसार झाले. टक्के कोणाला माहीत होते? दिवा मंद झाला की लोक समजायचे. शिवारातल्या सौर पंपाकडे बघ, २०१९ च्या कुसुम योजनेनंतर आपल्याकडे गावोगाव बसले. त्याला बॅटरीच नाही. ऊन असलं की पाणी, नसलं की नाही. शेतकरी आभाळाकडे बघून ओलीत ठरवतो. तुझा मॉनिटर माणसाची आभाळाकडे बघायची सवय मोडतो.

हौशी: पंपाला बॅटरी नाही कारण पाणी विहिरीत आणि टाकीत साठतं. वारा साठवता येत नाही, काका, पंखा रात्रीच लागतो. आणि दिवा मंद झाला की समजायचे, हे शिशाच्या बॅटरीवर. तो मंद झाला याचा अर्थ ती आधीच जास्त खाली गेलेली, आणि असं रोज झालं की एक-दोन वर्षांत बॅटरी बसते. आभाळाकडे बघून कळतं ते आज किती येईल. पोटात किती उरलंय ते कळत नाही. तुम्हाला ट्रेलरची हौस पटत नसेल तर दुसरं उदाहरण घ्या. शेगावहून आषाढीला गजानन महाराजांची पालखी निघते, अकोल्यावरून पंढरपूरला महिनाभर चालत. कौंडण्यपूरची रुक्मिणीची पालखी तर चारशे वर्षांहून जुनी मानतात. लहान दिंड्यांमागे सामानाचा टेम्पो नाहीतर ट्रॉली असते. दिवे, भोंगा, आणि आता मोबाइल. ५० जणांचे मोबाइल रोज भरायचे म्हणजे, एकाला १५ वॅट-अवर धरले तरी, पाऊणशे कमी आठशे वॅट-अवर, म्हणजे सव्वासातशे. त्यात इन्व्हर्टरची घट धरा. ते दिवस ढगांचे. माझा ट्रेलर म्हणजे पाटलाची हौस असेल, पण हा गाडा हौस नाही. तिथं रात्री नऊला कोणीतरी म्हणायला हवं, आज भोंगा बंद, मोबाइल आधी. ते कशाच्या आधारावर म्हणणार?

शंकेखोर: (हिशेब ५० गुणिले १५ म्हणजे साडेसातशे. तू रागात सव्वासातशे केलास.) पण उदाहरण चांगलं काढलंस, आणि ते तुझ्याच विरुद्ध जातं. दिंडीत रात्री नऊला पडदा बघणारा कोण? विणेकरी? स्वयंपाकवाला? ५० माणसांत तो कोणाचाच नसतो. तिथं सांगणारं यंत्र कामाचं नाही, तोडणारं हवं. कंट्रोलरचं लोड टर्मिनल घे, त्यावर भोंगा जोड, आणि बॅटरी ठरावीक व्होल्टला आली की भोंगा आपोआप बंद. भांडण नाही. तुझ्या ट्रेलरलाही मी तेच सांगेन. फक्त तो कटऑफ तपासून घे. बरेच स्वस्त कंट्रोलर ११ व्होल्टच्या आसपास तोडतात, आणि लिथियम ११ वर आली म्हणजे कड्यावरून पडून गेलेली असते. बारा, साडेबारा असा बदलता येणारा आकडा हवा.

हौशी: गंमत बघा. मघापासून मी यंत्रांच्या बाजूनं आणि तुम्ही माणसाच्या. आता तुम्ही म्हणताय निर्णय डब्यानं घ्यावा, आणि मला तो माझ्याकडे हवाय. आई सोबत असेल. शहानूरला मे महिन्याच्या रात्री दोन वाजता हवा ३३-३४ अंश असेल. बॅटरी २० टक्क्यांवर आहे म्हणून कंट्रोलर पंखा तोडणार? बॅटरीचं आयुष्य दोन टक्क्यांनी कमी झालं तर होऊ दे. मॉनिटर मला सांगेल की पंखा पहाटेपर्यंत पुरतो की नाही. २५ वॅटचा पंखा म्हणजे दोन अँपिअर, उरलेले २० अँपिअर-अवर, दहा तास. मी झोपेन. डब्याला हा भागाकार येत नाही. त्याला फक्त व्होल्ट दिसतात, आणि लिथियमचे व्होल्ट काय सांगतात ते आपण बघितलं.

शंकेखोर: फ्रिज विसरलास. उकाड्यात त्याचा कॉम्प्रेसर थांबतच नाही, चार अँपिअर. दोन आणि चार सहा. दहा तासांचे तीन झाले. पाचला बॅटरी संपली, बीएमएसनं दार लावलं. पुढचं ऐक. पुष्कळ कंट्रोलर स्वतः बॅटरीच्या विजेवर जागे असतात. बीएमएसनं तोडलं की कंट्रोलरही झोपला. सकाळी आठला ऊन आलं, प्लेटा तयार, पण कंट्रोलर उठत नाही, आणि बीएमएस चार्जिंगची वाट बघत बसलंय. उन्हात उभं राहून तुला गाडीच्या बॅटरीचं जंपर लावावं लागेल. म्हणून म्हणतो, डब्याला लवकर तोडू दे. पंखा गेला तर आई उठून बाहेर बाज टाकेल, आपल्याकडे उन्हाळ्यात लोक असेच झोपत आले. सगळंच मेलं तर सकाळचा चहाही नाही.

हौशी: मग फ्रिज लोड टर्मिनलवर टाकतो आणि पंखा फ्यूज लावून थेट बॅटरीवर, शंटच्या पलीकडून. आकडा घसरला की फ्रिज आधी जाईल. दूध नासलं तर नासलं.

शंकेखोर: आणि फ्रिजमध्ये तुझ्या आईचं इन्सुलिन असलं तर?

हौशी: तर फ्रिज थेट आणि पंखा लोडवर.

शंकेखोर: म्हणजे मघाचा पंखा गेला. दोन्ही थेट ठेवलेस तर लोड टर्मिनलवर उरतात दोन दिवे, आणि ते तोडून वाचतं काय? मग राहिला तुझ्या मॉनिटरचा बझर. २० टक्क्यांवर वाजेल, दोन वाजता. उठून फ्रिज बंद करायचा की पंखा, ते कोणी ठरवायचं, आणि कोणी उठायचं?